अनसाक्काचे अठरा पत्रे

टाळ थांबवा जरा! मृदंगबुवा, तुम्हीपण दम खा, घोटभर पाणी प्या. पुढं तुमच्या हाताला मोठं काम आहे.

आता मंडळी, ऐका! आणि ऐकायच्या आधी मला एक उत्तर द्या. नुसती मान डोलवू नका, मान डोलवायला नंदीबैलालाही येतं! समजा, तुमची एक वस्तू चोरीला गेली. साधीसुधी नाही — जिच्यावर तुमचा सगळा जीव, अशी. शोधून शोधून थकलात. आणि एक दिवस ती वस्तू दत्त म्हणून समोर! चोराच्या घरात! आणि नेमकं त्याच घटकेला त्या चोराच्या घरातलं माणूस मरणाच्या दारात. तुम्ही हात लावलात तर वाचणार, हात आखडलात तर जाणार. सांगा, आधी काय धराल? चोराची गचांडी, की त्या माणसाचा हात?

"माणसाचा हात!" म्हणताय? वा रे वा! देवळात बसून सगळेच असं म्हणतात. त्या खांबाला टेकून बसलेले आजोबा तेवढे गप्प आहेत. मला वाटतं, सगळ्यांत प्रामाणिक तेच आहेत!

ही गोष्ट पुराणात शोधू नका, सापडायची नाही. यात राजा नाही, ऋषी नाही. यात आहे एक नर्सबाई. नाव अनसूया, पण सगळा डोंगर तिला म्हणायचा अनसाक्का. चौतीस वर्षं नोकरी केली, ती सगळी पायी! या वाडीवरून त्या वाडीवर, हातात पिशवी, पायात रबरी चप्पल. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. पण डोंगरात कुठंही जा, निम्मी माणसं हिच्या हातावर जन्मलेली! उजव्या हाताचं एक बोट अर्धं. लहानपणी गवत कापताना विळा लागला होता. पण तो साडेचार बोटांचा हात पाठीवर फिरला, की कळा सोसणारी बाई म्हणायची, "आता मी सुटले." बाया हसताहेत बघा, त्यांना कळलं. पुरुषांना कळलं नाही, कळायचंही नाही!

तर खाली मोरवडे गाव, तिथं दवाखाना. वर डोंगरावर सात वाड्या. आणि मधे तिवरखिंड — दीड तासाची उभी चढण. रस्ता होता का? होता ना! कागदावर चांगला रुंद रस्ता होता!

मग बाळंतीण अडली की काय करायचं? डोली करायची. बांबूला घोंगडी बांधायची, त्यात बाईला निजवायचं आणि चौघांनी धावत खाली आणायचं. आदल्या आषाढात सरू नावाची एकवीस वर्षांची पोर अशीच डोलीतून निघाली. खालून अक्का धावत चढत होती, वरून डोली उतरत होती. खिंडीत दोघींची गाठ पडली. पण उशिरा पडली! पोर गेली होती. पोटातल्या लेकरासकट गेली होती. अक्कानं तिचे डोळे आपल्या हातानं मिटले आणि मटकन खाली बसली. पाठ कशाला टेकली? एका पडक्या भिंतीला.

ते होतं जुनं जकात नाकं. बैलांचे तांडे खिंडीतून जायचे, त्या काळातलं. काळ्या दगडाच्या चार भिंती ताठ उभ्या, आणि वर नुसतं आभाळ! दारं वाळवीनं खाल्लेली, आत गुडघाभर गवत. अक्का रडत होती, आणि रडता रडता त्या भिंतींकडे बघत होती. आणि तिला वाटलं, अगं, हिला इथवर आणलं होतं. इथंच छप्पर असतं, खाट असती, मी असते — तर ही पोर वाचली असती!

झालं! बाईनं मनावर घेतलं. आणि बाईनं मनावर घेतलं की काय होतं, हे इथल्या पुरुषांना मी सांगायला नको! ग्रामपंचायतीच्या मागं लागून नाकं ताब्यात घेतलं. ठरवलं, इथं बाळंतघर करायचं. दिवस भरत आले की वाडीवरच्या बाईनं आधीच इथं येऊन राहायचं. तोपर्यंत अक्का नोकरीतून मोकळी झाली होती. गाठीला होतं ते सगळं त्यात घातलं. मोरवड्याहून आठवड्यातून दोनदा वर चढायची, गवंड्याच्या डोक्यावर उभी राहायची. भिंतींच्या भेगा भरल्या, जमीन केली, नवी दारं बसली. राहिलं काय? छप्पर!

शहरातल्या एका भल्या माणसानं पत्रे दिले. बेचाळीस पत्रे! मोरवड्यापर्यंत ट्रकनं आले. पुढं? पुढं माणसाची डोकी! सातही वाड्यांतली माणसं उतरली आणि एकेका पत्र्याला दोघं दोघं लागून बेचाळीस पत्रे वर गेले. आणि मंडळी, वर गेल्यावर अक्कानं काय केलं? आपण नवीन वस्तू घरात आणली की काय करतो? हळदकुंकू लावतो. सायकल आणली तरी लावतो, फ्रीज आणला तरी लावतो! अक्कानं वाटीभर कुंकू तेलात कालवलं, त्यात हात बुडवला आणि प्रत्येक पत्र्यावर मधोमध पंजा उमटवला. गवंडी म्हणाला, "अक्का, एकाला लावा की! सगळ्यांना पोचतं." अक्का म्हणाली, "एका लेकराला घास भरवला म्हणून दुसऱ्याचं पोट भरतं का रे?" बेचाळीस पत्रे, बेचाळीस पंजे! साडेचार बोटांचे!

गर्दीत एक बाई कुजबुजली. प्रत्येक गावात अशी एक असतेच. इथं कोण आहे ते मी विचारत नाही! म्हणाली, "रांडमुंड बाईनं कुंकवात हात घालावा का?" अक्काचे कान तिखट! म्हणाली, "या हातानं तुझी दोन पोरं ओढून काढली, तेव्हा नाही गं विचारलंस?"

आता पत्रे वर राहिले, त्यांना राखण पाहिजे. राखणीला ठेवला म्हाकू. धनगर माणूस, नाक्याच्या मागच्या अंगाला त्याचं खोपटं. बोलणं कमी आणि इमान जास्त. चैत्रात बिरोबाची जत्रा आली. म्हाकूनं विचारलं, "अक्का, दोन दिस जाऊन येऊ? देवाचा भंडारा उधळायचा हाय." अक्का म्हणाली, "जा बाबा. डोंगरात कोण येतंय चोरायला!"

म्हाकू जत्रेहून आला, त्याच दिवशी अक्का वर चढली. दोघांनी मिळून पत्रे मोजले. चोवीस! पुन्हा मोजले. चोवीसच! अठरा पत्रे गेले! अहो, सुई नव्हे, टाचणी नव्हे. आठ-आठ फुटांचे अठरा पत्रे! कुणी खिशात घालून नेले?

चोर कोण, ते मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. माझ्या पोटात राहत नाही! चोर होता कोंडवाडीचा गेणबा शेडगे. आणि हा काही नामचीन चोर नव्हता बरं! माळकरी, कष्टाळू, एकादशी करणारा. मग असं कसं झालं? तर चैत्रातच मोठी वावटळ उठली आणि गेणबाच्या घराचं अख्खं गवताचं छप्पर भिरकावून दरीत! घरात बायको ठकूबाई, आणि सून वैजंता आठव्या महिन्याची. मुलगा दूर शहरात कामाला. गेणबा डोक्याला हात लावून बसला आणि त्याला नाक्यातले पत्रे दिसले. मनात कली शिरला! कली म्हणाला, "अरे, ते नुसते पडूनच आहेत. उसने आण. पावसाळा सरला की गुपचूप परत ठेव."

उसने! मंडळी, मालकाला विचारून आणलं तर उसनं. न विचारता आणलं तर त्याला काय म्हणतात? बोला की मोठ्यानं! आता का आवाज बसला?

म्हाकू जत्रेला गेला, ते दोन दिवस गेणबानं आणि त्याच्या मेव्हण्यानं आडवाटेनं पत्रे वाहिले. छपरावर चढवले आणि वरून पेंढ्याचा जाड थर दिला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गेणबानं नवं गवत शाकारलं. हुशार! पण मंडळी, चोर कितीही हुशार असो, तो आपल्याच गावचा असतो. आपल्याच घरात वाढलेला असतो. ते कुंकवाचे पंजे! गेणबा चिंधी घेऊन पुसायला निघाला, तशी ठकूबाई आडवी आली. "कुंकू पुसताय? घरात गर्भार सून, लेक परमुलखात, आन् तुम्ही आपल्या हातानं कुंकू पुसताय? आधी माझं पुसा!"

गेणबाचा हात तिथंच थांबला. पत्रे चोरायला कचरला नाही, पण कुंकू पुसायला कचरला! हसू नका. तुम्ही तरी पुसलं असतं का? त्यानं पत्रे उलटे केले, पंजे आतल्या बाजूला घेतले. बाहेरच्याला दिसायला नको, एवढंच त्यानं बघितलं.

इकडं गावात सभा भरली. आणि त्या सभेत सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? गेणबाचा! म्हणे, "राखण केली कुणी? म्हाकूनं! मग इचारायचं कुणाला? ह्यांची बिऱ्हाडं घाटावर जाताती, कोकणात जाताती. पत्रे गेले इकून!" सरपंच म्हणाले, "फौजदाराला बोलवू. दोन फटके पडले की पोपटासारखा बोलेल." म्हाकू उभा राहिला. कनवटीचा भंडारा काढून हातात घेतला. म्हणाला, "बिरोबाची आण. म्या नाय." एवढंच! पण चार लोक हसले. मंडळी, गरिबाच्या शपथेला लोक हसतात. श्रीमंताच्या खोट्याला माना डोलावतात!

अक्का उठली. म्हणाली, "पत्रे माझे गेलेत. म्हाकूच्या अंगाला कुणी बोट लावलं, तर उद्यापासून या डोंगरात माझा पाय पडायचा नाही!" सरपंचांनी फौजदाराचं नाव सोडलं, कारण त्यांच्याही घरात सून होती! पण सभा पांगली आणि म्हाकूनं अन्न सोडलं. सकाळी शेळीचं दूध, संध्याकाळी शेळीचं दूध. "डाग धुतल्याबिगर भाकर मोडायची न्हाय," म्हणाला. अक्का विनवून थकली. तिच्या मनात दोन काटे रुतले. एक, पावसाला दीड महिना उरला आणि अर्धंच छप्पर. पुन्हा पत्रे मागायला तोंड नाही. वरच्या वाड्यांवर पाच बाया आषाढात मोकळ्या व्हायच्या, आणि सरूचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक. दुसरा काटा, म्हाकूचं उतरलेलं तोंड. त्याला राखणीला तिनंच बसवलं होतं ना!

असे आठ दिवस गेले. आता नीट सावरून बसा. मागचे, मोबाइल आत ठेवा! इथं माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि हे काय बघताहेत कुणास ठाऊक!

वैशाखातली रणरणती दुपार. अक्का नाक्यावर गवंड्याशी बोलत उभी. आणि कोंडवाडीकडून एक बाई धावत येताना दिसली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही. ठकूबाई!

"अक्का, चला! सून अडली! पहाटेपासून कळा खातीया, पाणी गेलंय, पोर काय पुढं सरकंना!"

"पहाटेपासून? मग आत्ता सांगतेस?"

अहो, पहाटेपासून घरात महाभारत चाललं होतं. ठकूबाई म्हणायची, अक्काला बोलवा. गेणबा म्हणायचा, नको, डोली करतो, खाली नेतो. ठकूबाई म्हणायची, अक्का अर्ध्या कोसावर असताना डोली कशाला? गेणबा? वर बघायचा, आणि पुन्हा डोलीचंच काढायचा! अठरा पंजे त्याच्याकडे बघत होते! अहो, एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला अब्रू. आणि हा अब्रू धरून बसला! दुपारी सुनेचे डोळे पांढरे व्हायला लागले, तशी ठकूबाई म्हणाली, "घाला चुलीत तुमची अब्रू!" आणि धावत सुटली.

अक्का निघाली ती वाऱ्यासारखी. अंगणात पोचते, तर गेणबा दारात आडवा! घामानं चिंब. म्हणतो कसा, "अक्का, आत लई उकडतंय. सुनंला भाईर ओट्यावर आणतो. हितंच करा."

अक्का म्हणाली, "गेणबादादा, डोकं ठिकाणावर आहे का? ओट्यावर शेळी व्याली तरी आपण आडोसा करतो! व्हा बाजूला!"

आणि त्याला ढकलून आत गेली.

आत अंधार, चुलीचा धूर. वैजंता बाजेवर, ओठ कोरडे पडलेले. अक्कानं हात लावला आणि ओळखलं. दीड तासाच्या डोलीला वेळच नव्हता. अक्का बोलत राहिली, "माझ्याकडं बघ पोरी. ओरड, लाजू नकोस! आता जोर कर. शाब्बास!" घटका गेली, दुसरी घटका गेली. आणि बाळ आलं. पण कसं आलं? निळं! नाळेचा वेढा गळ्याला, अंगात हालचाल नाही, आवाज नाही. अक्कानं वेढा सोडवला, तोंडातलं पाणी काढलं. बाळ गप्पच. तिनं त्याला एका हातावर पालथं घेतलं, दुसऱ्या हातानं पाठ चोळायला लागली. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला, तो झटकायला तिनं मान वर केली —

आणि वर तिचाच हात!

साडेचार बोटांचा! लाल! त्याच्या शेजारी आणखी एक. त्याच्या पलीकडे आणखी एक. ओळीनं! अठरा हात!

मंडळी, त्या एका क्षणात बाईच्या मनात काय काय उसळलं असेल? सभेत ओरडणारा गेणबा! दुधावर दिवस काढणारा म्हाकू! खिंडीतली सरू! संतापानं तिचं डोकं भणाणलं. अरे हरामखोरा! बाळंतिणींच्या डोक्यावरचं छप्पर तू पळवलंस? आणि वर गरिबावर आळ घेतलास? सगळं पेटून उठलं तिच्या आत. पण हात? हात थांबला का? हात पाठ चोळतच होता! डोकं म्हणत होतं "चोर," आणि हात म्हणत होता "लेकरू." आणि अक्कानं कुणाचं ऐकलं? हाताचं ऐकलं! तिनं मान खाली घातली. म्हणाली, "पत्रे कुठं पळून जात नाहीत. हे लेकरू जाईल." तोंड खाली नेऊन हलकी फुंकर घातली, पुन्हा चोळलं, पुन्हा फुंकर —

ट्यँहाँ!

वाजवा मृदंगबुवा! आता नाही वाजवायचा तर कधी? बोला, विठ्ठल विठ्ठल! जोरात! असा टाहो फोडला पोरीनं, की बाहेर गेणबा भिंतीवर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागला.

अक्कानं बाळ-बाळंतिणीचं सगळं निगुतीनं केलं आणि बाहेर आली. गेणबानं तिच्या हातावर तांब्यानं पाणी घातलं. पाणी घालताना नजर त्या अर्ध्या बोटावर खिळलेली. त्याला कळलं, की अक्कानं वर बघितलंय. आता ओरडेल. आता गाव गोळा करेल. अक्का पदराला हात पुसत म्हणाली, "मुलगी झाली. गुटगुटीत आहे. वैजंताला तूप-भात द्या, आणि पाचवीला मला बोलवा." आणि चालायला लागली.

एवढंच! आणि ते पाच दिवस गेणबाला गेले कसे, विचारा! शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मोकळा झाला असता. बाई काहीच बोलली नाही! रात्री आडवा झाला की वर अठरा हात. कूस बदलली तरी आहेतच! घास उतरेना. तिकडं म्हाकूनं भाकरी सोडलेली, आणि इकडं गेणबाच्या ताटात भाकरी असून गिळवेना!

पाचवा दिवस उगवला. सटवाईची पूजा मांडली. आता त्या डोंगरातली एक रीत ऐका. पाचवीला बाळंतपण करणारीचा मान असतो. तिनं पदर पसरून मागायचं आणि घरधन्यानं नाही म्हणायचं नाही. बहुतेक बाया खण-नारळ मागतात, एखादी पातळ मागते. कोंडवाडीतली सगळी माणसं ओट्यावर जमली होती. आणि अक्का एकटी आली नाही, म्हाकूला हाताला धरून घेऊन आली! लोक एकमेकांना कोपरं मारायला लागले. म्हाकू कोपऱ्यात मान खाली घालून बसला.

गेणबानं हात जोडले. "मागा, अक्का."

अक्कानं पदर पसरला. आता बोलेल! ठकूबाईनं डोळे मिटून घेतले. अक्का शांतपणे म्हणाली, "गेणबादादा, माझ्याकडं चार भिंती आहेत, डोक्यावर काही नाही. माझ्या पाच लेकी आषाढात मोकळ्या व्हायच्या आहेत. तुमची नात माझ्या हातावर रडली, तशी त्यांची लेकरं रडायला पाहिजेत. त्यासाठी काय लागतं, ते तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या घरात ओली बाळंतीण आहे, तिचं डोकं मी उघडं करणार नाही. म्हणून मी काय मागू, ते तुम्हीच सांगा."

बघा हं मंडळी! सगळं हातात होतं तिच्या. पुरावा डोक्यावर, पंच समोर! एक बोट वर केलं असतं तर गेणबा सात वाड्यांतून उठला असता. तिनं बोट वर केलं नाही, पदर पुढं केला! चोराला चोर म्हणायला काय लागतं? कुणीही म्हणतं. चोराला माणूस व्हायला जागा द्यायची, त्याला छाती लागते!

गेणबा उठला. अक्काच्या पाया पडायला गेला नाही. तो गेला थेट कोपऱ्यात, आणि म्हाकूच्या पायावर डोकं ठेवलं! मोठ्यानं ओरडला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चोर म्या हाय! अठरा पत्रे माझ्या छपरावर हायती! म्हाकू देवमाणूस हाय, आन् म्या त्याच्यावर आळ घेतला! बगा, आत जाऊन वर बगा!"

लोक आत जाऊन बघताहेत आणि खाली मान घालून बाहेर येताहेत. कारण सभेत हसलेले तेच होते! म्हाकूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग कनवटीचा भंडारा काढला, चिमूटभर गेणबाच्या कपाळाला लावला आणि म्हणाला, "ऊठ गड्या. तेरा दिस भाकर खाल्ली न्हाय. तुझ्या नातीच्या पाचवीचं जेवान वाढ."

काय माणूस असेल हो! घातलं ताट ठकूबाईनं. स्वतः गेणबा वाढायला. आणि म्हाकूनं पहिला घास घेतला, तेव्हा या सगळ्या प्रकरणात अक्का पहिल्यांदा रडली. पत्रे गेले तेव्हा रडली नव्हती!

पण प्रश्न राहिलाच ना? छप्पर काढावं तर बाळंतीण उघडी, न काढावं तर नाकं उघडं. आता उत्तर कुणी दिलं? वैजंतानं! आतून, पडद्याआडून. "मामंजी, मला आन् बाळाला नाक्यावर न्या की! चोवीस पत्र्यांत एक खोली तर झाकंल! आमी तिथं राहतो, मग हे खुशाल काढा." अशी सून मिळायला पुण्याई लागते. गेणबाची पुण्याई कुठून आली, तो हिशेब देवाला ठाऊक!

दुसऱ्या दिवशी सकाळी, मंडळी, त्या डोंगरानं कधी न पाहिलेली मिरवणूक निघाली. चोवीस पत्र्यांनी खोली झाकून झाली, तशी कोंडवाडीहून डोली निघाली. पुढं गेणबा, मागं म्हाकू, खांदा दोघांचा! डोलीत वैजंता, कुशीत बाळ. आजवर त्या खिंडीत डोल्या खाली जाताना पाहिल्या होत्या, जाताना रडणं ऐकलं होतं. ही पहिली डोली नाक्यापाशीच टेकली, आणि बाया ओव्या गात होत्या! डोलीच्या मागं अठरा पत्रे, माणसांच्या डोक्यांवर, उन्हात नुसते लखलखताहेत! सरपंचांनीही एका पत्र्याचं टोक धरलं. पोट सुटलेलं, धाप लागलेली, पण धरलं! संध्याकाळी शेवटचा पत्रा ठोकला. अक्कानं सांगितलं होतं, पंजे आतच राहू द्या. आत निजणारीनं वर बघितलं की तिला माझा हात दिसला पाहिजे.

आणि गेणबाचं घर? ते उघडंच राहिलं का? छे! आपल्यात सावड असते ना! आज माझ्या कामाला तू, उद्या तुझ्या कामाला मी. घरटी दोन पेंढ्या गवत आलं आणि चार दिवसांत घर शाकारून झालं. पहिली पेंढी कुणी टाकली असेल? बरोबर, म्हाकूनं!

आषाढ आला, धो धो कोसळला. पाचही बाया वेळेवर बाळंतघरात आल्या. पाचही लेकरं रडली, पाचही आया हसत घरी गेल्या. पाचवं लेकरू येईपर्यंत गेणबा बाहेर ओसरीत बसून पाणी तापवत होता. कुणी सांगितलं नव्हतं. म्हाकूच्या जोडीला राखणीला तोच होता. आणि पुढं डोंगरात कुणाचं काही हरवलं, तर लोक म्हणायचे, गेणबाला सांगा, डोळ्यांत तेल घालून शोधील!

झालं आख्यान. पण थांबा, उठू नका! काल्याची घाई करू नका.

काल तुमच्या विश्वस्तांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बुवा, सभामंडपाचं काम अडलंय. फरशा गेल्या, सळई गेली, सिमेंटची पोती गेली. कीर्तनात जरा त्या चोराची चामडी लोळवा." मी आल्यापासून सगळ्यांची तोंडं बघतोय. मंडळी, मी काही फौजदार नाही, आणि मला नाव नको! पण देवाच्या पायाखालच्या फरशीवर कुणाच्या न्हाणीघरात अंघोळ चालली असेल, तर त्या माणसाला गेले कित्येक दिवस धड झोप नसणार. मला त्याची कीव येते हो! आणि जे माझ्यासारखे चोरी न करणारे आहेत ना, त्यांनी फार ताठ बसू नका. सभेत म्हाकूला हसणारेही चोर नव्हतेच. तुम्ही गेल्या महिन्यात कुणाकडं बोट दाखवलं, कुणाला चहाला बोलवायचं बंद केलं, ते आठवा जरा!

तर आता सगळ्यांनी काला घ्यायचा, घरी जायचं. देवळाचं मागचं दार आज दिवसभर उघडं राहील. राखणीला कुणी बसणार नाही, विश्वस्तही नाहीत. हो साहेब, तुम्हीसुद्धा नाही! ज्याच्याकडं जे असेल ते त्यानं आणून ठेवावं. आणि रस्त्यात कुणी डोक्यावर ओझं घेऊन इकडं येताना दिसलं, तर कुठून आणलंस म्हणून विचारायचं नाही. पुढं व्हायचं आणि ओझ्याला हात लावायचा. दोघं मिळून आत या. देव दोघांनाही ओळखतो.

हं, घ्या टाळ हातात!